दुसऱ्या दिवशीचं उत्तर

मी त्यांना पहिला प्रश्न विचारला तो खोलीचा. दिवे लागायची वेळ होती. माझ्या हातात पत्र्याची ट्रंक होती आणि म्हापशाहून दोन बस बदलून मी पार्सेच्या बाजूच्या त्या गावात पोचलो होतो. ते घरापुढच्या सोप्यावर कदेलीत, म्हणजे लाकडी हातांच्या खुर्चीत, बसले होते. "काका, खोली मिळेल का? पुलाच्या कामावर आलोय," मी म्हटलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, ट्रंकेकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाले, "फाल्या सांगतंय."

फाल्या म्हणजे उद्या, एवढं मला बसमध्येच कळलं होतं. मला वाटलं, घरात विचारून सांगणार असतील. म्हणून मी तिथेच उभा राहिलो. त्यांनीही मला हाकललं नाही. शेवटी आतून काकू बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "तुमी वचा आता. ते फाल्या सांगतले." मी सिमेंटच्या गोण्यांच्या शेडमध्ये जाऊन झोपलो. सकाळी साडेसातला डोळे चोळत बाहेर आलो, तर हे चिखलातून चालत येऊन शेडसमोर उभे. हातात मिटलेली छत्री. "आसा," ते म्हणाले. काय आहे, हे आठवायला मला जरा वेळच लागला.

गोवा घटक राज्य होऊन तेव्हा नुकतंच एखादं वर्ष झालं होतं. नव्या राज्यात नवे रस्ते आणि नवे पूल यांची घाई सुरू होती. आमचा कंत्राटदार बेळगावचा, मजूर बेळगाव आणि कोल्हापूरकडचे. मी स्वतः गडहिंग्लजकडचा, हातात ताजा डिप्लोमा आणि डोक्यात त्याची हवा. गावच्या शेतात जाणाऱ्या वाटेवर पोर्तुगीज काळातला एक चिऱ्यांचा पूल होता. त्यावरून बैल जात, पण पॉवर टिलर किंवा मळणीचं यंत्र जात नसे. तो पाडून तिथं काँक्रीटचा पूल बांधायचा, एवढंच काम. मी गेलो तेव्हा माझ्या आधीचा सुपरवायझर काम सोडून गेला होता आणि जुना पूल पाडूनही झाला होता. नदीच्या बाजूला मातीचा तात्पुरता बांध घातला होता आणि त्याच्या आड काम चाललं होतं.

तर हे काका. त्यांचा नियम असा होता की कुणी काही विचारलं तर त्याच दिवशी उत्तर द्यायचं नाही. मोठं असो, बारीक असो, उत्तर दुसऱ्या दिवशी. मला वाटलं, म्हातारपण आहे, विसरत असतील. पण विसरणं हा प्रकारच नव्हता. तुम्ही तीन गोष्टी विचारल्या असतील तर दुसऱ्या दिवशी तिन्हींची उत्तरं ओळीने यायची. मी एकदा रात्री जेवताना विचारलं होतं की इथं न्हावी आहे का, रविवारी म्हापशाला बस असते का आणि पोदेर, म्हणजे पाववाला, उंडे घेऊन किती वाजता येतो. दुसऱ्या दिवशी मी आंघोळ करत होतो. न्हाणीच्या बाहेरून आवाज आला, "ना. आसा. साडेसात." आणि पावलं निघून गेली.

काकूंनी या नियमाशी संसार जमवला होता. मासे कुठले आणायचे हे त्या आदल्या संध्याकाळी विचारत. "तुम्हाला राग नाही येत?" मी एकदा त्यांना विचारलं. त्या हसल्या. "माका बघूक इल्ले तेव्हा बापायन विचारलां, चेडू पसंत हा? हे म्हणाले, फाल्या सांगतंय. माझो बापूय रातभर पाटल्या दारात बसान हुतो. सकाळी हे येकटेच चलत इले आनी होय म्हणान सांगान गेले. चाय सुद्दा घेवक ना." सांगताना त्या लाजल्या. साठीच्या बाईला चाळीस वर्षांपूर्वीची लाज पुन्हा येताना मी तेव्हाच पाहिली.

म्हापशाच्या डॉक्टरने त्यांच्यापुढे हात टेकले होते. "कुठे दुखतं?" म्हटलं की हे गप्प. शेवटी डॉक्टरने असं ठरवलं की यांनी आत येताच आपण होऊन बोलायचं, म्हणजे प्रश्नच उद्भवत नाही. बसमध्येही ते कंडक्टर जवळ येण्याआधीच "पेडणे, एक" म्हणून मोकळे होत. आपण होऊन सांगितलेलं उत्तरात धरत नसत. नवखा कंडक्टर असला आणि त्याने आधी "कुठं?" विचारलं, की मात्र पंचाईत. मग सगळी बस त्याला सांगायची की यांना पेडण्याला जायचंय.

कोकणी की मराठी हा वाद पेटला होता तेव्हाची त्यांची गोष्ट गावात अजून सांगत. दोन्हीकडची माणसं सह्यांचे कागद घेऊन दारात आली. दोघांनाही एकच उत्तर, फाल्या. दुसऱ्या दिवशी ते छत्री घेऊन आधी मराठीवाल्यांच्या पुढाऱ्याकडे गेले. म्हणाले, "पोथी मी मराठीतच वाचतंय." मग तसेच तीन मैल चालत कोकणीवाल्यांकडे गेले. तिथं म्हणाले, "घरात झगडूक माका कोकणीच लागता." दोन्ही कागदांवर सही नाही. दोन्हीकडचे त्यांच्यावर महिनाभर फुगून बसले होते. मला ही गोष्ट सांगणारा पुंडलिक स्वतः मराठीवाला होता, पण सांगताना त्याला हसू आवरत नव्हतं.

पुंडलिक म्हणजे पुलाच्या कडेचं पहिलं शेत ज्याचं, तो. वयाने माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठा, अंगाने दणकट, बोलायला फटकळ. आमच्या सायटीवर तो रोज एक चक्कर मारायचा आणि काम किती झालं ते पाहून, "आजून इतक्यांच?" असं म्हणून जायचा. काकांना गावात सगळे आबा म्हणत, पण पुंडलिक आबा म्हणताना आवाज जरा खाली आणायचा. मी एकदा त्याला म्हटलं, "तुमचे आबा जरा हे आहेत का?" आणि डोक्यापाशी बोट फिरवलं. तो एकदम गंभीर झाला.

"दोन भाव मेरेवरसून कुऱ्हाडी घेवन उठलेले," तो म्हणाला. मेर म्हणजे बांध, शेताची हद्द. "सर्वेवालो इलो, मामलेदार इलो, कोणाचां आयकूक नाय. शेवटाक आबाक विचारल्यानी. आबान येक दीस घेतल्यान. दुसऱ्या दिसा इलो, छत्री जमनीत खुपसल्यान आनी म्हणालो, हयसर. थंयच मेर घातली. आजून दोगव भाव वांगडाच जेवतत." मग तो म्हणाला, "म्हणान पाणी आबाकडे."

पाणी आबाकडे म्हणजे काय, ते मी माझ्या मनाने ठरवलं. आमच्याकडे पाटाला पाणी सुटलं की पाटकरी असतो. तो कुणाच्या शेतात किती वेळ पाणी सोडायचं ते पाहतो. हे तसलंच काहीतरी असणार, असं मी धरून चाललो. काका रोज सकाळी बांधापाशी येत, शेताकडच्या पाण्यात बोट बुडवत, ते जिभेला लावत, थुंकत आणि परत जात. आमचा मुकादम त्यांची नक्कल फार छान करायचा. आम्ही सगळे हसायचो. आज ते आठवलं की माझी मलाच चीड येते. तीन महिने एक माणूस रोज सकाळी माझ्यासमोर पाण्याची चव घेत होता, आणि तो चव कशाची घेतोय हा साधा प्रश्न मला पडला नाही.

माझ्या लहानपणापासून माझ्या डोळ्यांपुढे एकच बंधारा होता, आमच्या नदीवरचा. पाऊस संपला की त्याच्या खांबांमधल्या खाचांत बरगे, म्हणजे फळ्या, घालायच्या आणि पाणी अडवायचं. उन्हाळ्यात ते पाणी उसाला. आमच्या भागात पाणी अडवणं हेच पुण्य. पाणी बाहेरून येतं आणि ते आत येऊ द्यायचं नसतं, असं काही जगात असेल, हे माझ्या गावीही नव्हतं. समुद्र मी पहिल्यांदा पाहिला तो नोकरीच्या मुलाखतीला मुरगावला गेलो तेव्हा. नदी दिवसातून दोनदा उलटी वाहते, हे मी परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते.

पूल फेब्रुवारीत तयार झाला. दोन गाळे, वर स्लॅब. जुन्या पुलाच्या दोन गाळ्यांना लाकडाची दोन जाड दारं होती. ती काढून गवतात ठेवलेली होती आणि नव्या पुलाला तीच परत लावायची होती. वरच्या कडेला बिजागऱ्या, खाली मोकळी, झुलणारी. गावात याला मानस म्हणतात. नकाशावर फक्त 'दारे पुन्हा बसवणे' एवढं लिहिलेलं. कुठल्या अंगाला, ते लिहिलं नव्हतं.

त्या दिवशी शेजारच्या गावची पुनवेची जत्रा होती. सकाळपासून गाव रिकामं. सायटीवर आम्हीच. कंत्राटदाराचा निरोप आला होता की उद्या पहाटे ट्रक येईल, मजूर आणि सामान सगळं मुरगावच्या कामावर न्यायचंय, काही मागे राहता कामा नये. म्हणजे दारं आजच बसायला हवी होती आणि मातीचा बांधही आजच फोडायला हवा होता.

मी दारांपाशी उभा राहिलो. आत की बाहेर? शेताकडे की नदीकडे? मनात आलं, काकांना विचारावं. ते काही जत्रेला जायचे नाहीत, गर्दी त्यांना खपत नसे, दुपारी घरातच असणार. घर तिथून दहा मिनिटांवर. पण विचारलं की उत्तर उद्या. आणि उद्या ट्रक. शिवाय, खरं सांगायचं तर, डिप्लोमावाल्याने दार कुठं लावायचं ते म्हाताऱ्याला विचारायचं, हे मला कमीपणाचं वाटलं.

"सायेब, असंच न्हवं?" मुकादमाने दार उचलून शेताच्या बाजूला धरलं.

"असंच," मी म्हटलं. "पाणी अडवायचं तर दार आतल्या अंगाला."

चार वाजेपर्यंत दोन्ही दारं बसली. शेताकडे उघडणारी, नदीकडे मिटणारी. संध्याकाळी नदीचं पाणी पार खाली गेलं होतं, तेव्हा आम्ही मातीचा बांध फोडला. मला स्वतःचा अभिमान वाटला. घरी आलो तेव्हा काका नेहमीप्रमाणे कदेलीत होते. "पूल झाला, काका," मी म्हटलं. बांध फोडल्याचं बोललो नाही. त्यांनी मान डोलावली. काकूंनी पानाच्या कडेला जत्रेतलं खाजं वाढलं होतं. ते खाऊन मी गाढ झोपलो.

सकाळी मला उठवलं ते ओरडण्याने. मी धावत पुलावर गेलो.

मी जे पाहिलं ते अजून झोपेत दिसतं. नदी रिकामी होती. ओहोटीने पाणी उतरून काठचा चिखल उघडा पडला होता, त्यावर बगळे चालत होते. आणि पुलाच्या अलीकडे, जिथं काल कमरेएवढं हिरवं भात होतं, नुकतं निसवलेलं, लोंब्या बाहेर आलेलं, तिथं पाणी होतं. काठोकाठ, संथ, पार डोंगराच्या पायापर्यंत. पाण्यावर फक्त लोंब्यांची टोकं दिसत होती. रात्रीच्या भरतीने दारं आत ढकलून उघडली होती आणि सगळी खारी नदी शेतात आली होती. पहाटे नदी उतरली, तेव्हा शेतातलं पाणी बाहेर जायला निघालं, आणि माझ्या दारांनी ते अडवलं. घट्ट. थेंब बाहेर जात नव्हता. आमच्या बंधाऱ्यासारखंच उत्तम काम.

मानस कशासाठी असते ते मला त्या क्षणी कळलं. नदी चढली की तिने दार दाबून मिटायचं, नदी उतरली की शेतातल्या पाण्याने दार ढकलून बाहेर जायचं. म्हणून दार नदीच्या अंगाला. खारं बाहेर, गोडं आत. काका रोज सकाळी मीठ चाखत होते.

बांधावर पंधरा-वीस माणसं होती. सगळी त्याच शेतांची कुळं. एक बाई तोंडात पदर कोंबून रडत होती. पुंडलिक मांडीएवढ्या पाण्यात उतरला होता. त्याने भाताची एक मूठ उपटली आणि वर येऊन माझ्यासमोर धरली.

"ह्यां कोणी केल्यान?" त्याने विचारलं.

माझा मुकादम, मजूर, सगळे पहाटेच ट्रकमधून गेले होते. मी एकटा मागे, हिशेब मिटवून दुपारच्या बसने जाणार होतो. कुणीतरी मागून म्हणालं, "पोलिसांत देवया." माझ्या डोळ्यांपुढे आईचा चेहरा आला, गेलेली नोकरी आली, कोठडी आली. आणि मग माझ्या तोंडातून जे बाहेर पडलं ते मी ठरवून बोललो नव्हतो. पण ते बोललो मीच.

"मी काकांना विचारलं होतं," मी म्हणालो. "काल दुपारी. दारं कुठल्या बाजूला लावायची म्हणून. त्यांनी सांगितलं नाही."

एवढं सोपं होतं ते. सगळ्या गावाला त्यांची सवय माहीत होती, त्यामुळे पुरावा द्यायचीही गरज नव्हती. सगळ्यांच्या माना वळल्या. काका बांधाच्या टोकाला उभे होते, पायांत चिखल, हातात छत्री. त्यांचं स्वतःचं शेतही त्याच पाण्याखाली होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर मला बरं वाटलं असतं. त्यांना फक्त आश्चर्य वाटलं होतं.

पुंडलिक त्यांच्यासमोर गेला. "आबा," तो आवाज खाली आणून म्हणाला, "ह्यांनी तुमका विचारलां?"

काकांनी पाण्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "फाल्या सांगतंय."

कुणी हसलं नाही. कुणी रागावलंही नाही. पुंडलिकाने मान हलवली आणि तो पाण्यात उतरला. त्याच्यामागे बाकीचे. बिजागऱ्या काढून दारं नदीच्या अंगाला लावायला दुपार झाली. मीही पाण्यात होतो. कुणी मला ये म्हटलं नाही आणि जा म्हटलं नाही. काका काठावरून छत्रीने दाखवत होते, अजून वर, अजून जरा. संध्याकाळच्या ओहोटीला दारं उघडली आणि शेतातलं पाणी घोंघावत बाहेर पडलं. भात आडवं झालं होतं. त्याचा रंग दुसऱ्या दिवशी बदलायला लागला.

ती रात्र मी त्यांच्याच घरी होतो. काकूंनी वाढलं, मी जेवलो. भिंतीच्या पलीकडून त्यांच्या खोकल्याचा आवाज येत होता. मला वाटत होतं, उठावं, जावं, पाय धरावेत, म्हणावं की उद्या खरं सांगा, मी भोगतो. तीन वेळा उठून बसलो. दाराची कडी काही काढली नाही. मी मनाशी हिशेब करत होतो, की मला कुठली बस मिळेल आणि ती किती वाजता असेल. ते खोटं बोलतील हे माझ्या मनातसुद्धा आलं नाही. त्या माणसाने खोटं बोलणं शक्यच नव्हतं.

सकाळी देवळाच्या चौकात सगळी कुळं बसली होती. मला समोर उभं केलं. काका आले. त्यांनी वहाणा बाहेर काढल्या, छत्री खांबाला टेकवली आणि कुणी पुन्हा विचारायच्या आत म्हणाले, "होय. ह्यांनी माका विचारलां हुतां."

मी त्यांच्याकडे पाहिलं. ते माझ्याकडे पाहत नव्हते. ते पुंडलिकाकडे पाहत होते, सरळ, डोळे न हलवता.

पुंडलिकाचा चेहरा पांढरा पडला होता. "आबा," तो म्हणाला, "रातभर इचार करून हेंच सांगतास?"

सगळ्यांत म्हातारा एक शेतकरी होता, त्याने शेवटी खाली बघत म्हटलं की हेच्या फुडे मानशीची राखण पुंडलिकान करूची. एवढंच. शिवी नाही, आरडाओरडा नाही. काकांनी छत्री घेतली, वहाणा घातल्या आणि ते घराकडे चालू लागले. गोव्याच्या लिबरेशनच्या आधीपासून ते ती राखण करत होते. मला वाटलं होतं की निदान कुणीतरी, 'आबा, तुमी वायच बसा' म्हणेल. कुणी म्हणालं नाही.

मी सुटलो होतो. माझ्या अंगात आनंद नव्हता की दुःख नव्हतं, सगळं बधिर झालं होतं. दुपारच्या बसने निघायचं म्हणून ट्रंक भरली. ते सोप्यावर होते. मी त्यांच्यासमोर गेलो, वाकून नमस्कार केला. तोंडापर्यंत आलेला एकच शब्द होता, का. तो विचारला असता तर उत्तरासाठी एक दिवस थांबावं लागलं असतं. मी थांबणार नव्हतो. "येतो काका," मी म्हटलं. ते म्हणाले, "खोलयेचां जनेल लावन घे. नायतर माजर येता." मी परत जाऊन खिडकी लावली आणि निघालो.

मग मुरगाव. बंदरात खनिजाच्या धक्क्याचं काम, नंतर दुसरी कंपनी, लग्न, वास्कोला दोन खोल्या. पेडण्याच्या बाजूला काम निघालं की मी दुसऱ्याला पाठवायचो. बारा-तेरा वर्षं गेली. मग एकदा मयेला एका नातेवाइकांकडे गेलो असताना, कुणी काही न बोलता, मी एकटाच बस धरून तिकडे गेलो. का, ते मला सांगता येणार नाही. छातीवरचं ओझं वाहवत नव्हतं, एवढंच.

काका तीन वर्षांपूर्वी वारले होते. काकू मुलीकडे डिचोलीला. घराला कुलूप. मी पुलावर गेलो. पूल चांगला टिकला होता. पुंडलिक तिथं दाराच्या बिजागऱ्यांना तेल घालत बसला होता, डोक्यावरचे केस बरेच गेलेले. त्याने मला लगेच ओळखलं. "इंजिनेर," तो म्हणाला आणि बाजूला सरकून मला बसायला जागा केली. त्याने ते सहज केलं, हे मला जास्त लागलं.

मी पाण्याकडे बघत सगळं सांगितलं. म्हटलं, मी विचारलंच नव्हतं. मी खोटं बोललो. आबांनी मला वाचवण्यासाठी खोटं सांगितलं. बारा वर्षं हे कुणाला बोललो नाही, बायकोलासुद्धा नाही. आता काय करायचं ते करा.

त्याने तेलाची बाटली खाली ठेवली. "आमका म्हायत हुतां," तो म्हणाला.

"कधीपासून?"

"त्याच दिसापासून. तुमी बांधार म्हटलात, काल दुपारी विचारलां. काल दुपारी आबा जत्रेत हुतो. सकाळीच मी तेका स्कूटरीर घालून व्हेल्लो. चल म्हटलां, वर्साची जत्रा. सांजेक मीच घरा आणून सोडलंय. दिसभर माझ्या वांगडा हुतो." त्याने माझ्याकडे पाहिलं. "आनी आबाक म्हायत हुतां, की माका म्हायत हा."

सगळ्या चौकाला माहीत होतं. मी उभा होतो, ते माझ्याबद्दल बोलत होते, आणि सगळ्यांना माहीत होतं. "मग तुम्ही मला का सोडलं?" मी कसंबसं म्हटलं. "आणि त्यांना का काढलं?"

"तुमका पोलिसांत देवचां म्हणान गाडी सांगून ठेवली हुती," पुंडलिक म्हणाला. "आबान फकत ना म्हणाचां हुतां. आमी तेचीच वाट बघी हुतंव. भात काय, येक वर्सा गेलां, दोन गेली. मीठ पावसान धुवन जाता. पण आबान येक दीस घेतल्यान, रातभर इचार केल्यान, आनी खोटां सांगितल्यान. आमच्यासमोर." त्याने दाराकडे बोट दाखवलं. "आबा चुकलो असतो तरी पाणी तेच्याकडेच रवलां असतां. दोन भावांची मेर तेच्या शब्दार हुती. मगे ती मेर खरी की खोटी? पाणी कोणाच्या शब्दार सोडूचां?"

दारं हळूहळू मिटत होती. भरती चढायला लागली होती. मी विचारलं, "पण त्यांनी असं का केलं? मी त्यांचा कोण?"

"तां माका कशां म्हायत आसतलां," तो म्हणाला. "तुमी त्या राती तेच्या घरात हुतात." तो उठला, हात पंचाला पुसले, आणि मग पाठमोरा राहूनच बोलला. "तेच्या फुडे आबा धा वर्सां जगलो. पण तेका कोणी काय विचारलां नाय. मासळी खंयची ती सुद्दा काकी आपल्या मनान आणी. रोज सांजेक सोप्यार बसान रवायचो, कोण काय विचारता काय म्हणान. तुमी तरी विचारूक व्हयां हुतां."